शिराझचा खुडा आणि कंपनीचा ‘नंबर’

शिराझ हे वाईनचं काळं द्राक्ष लावणार असाल तर वाईन कंपनीशी होणाऱ्या करारात खुड्याच्या (काढणीच्या) मुदतीचं कलम आहे का, ते आधी बघा. छाटणी, फवारणी, ठिबक हे नाशिककडच्या द्राक्षवाल्याला येतंच. माझी बाग दिंडोरी तालुक्यात, निम्मी थॉमसन (खायचं बिनबियांचं द्राक्ष) आणि निम्मी शिराझ. थॉमसनने इतक्या वर्षांत दिला नाही एवढा ताप मला शिराझच्या शेवटच्या टप्प्याने दिला. तो राग अजून गेलेला नाही.

लागवडीचं फार सांगत नाही. ११० आर जातीच्या खुंटावर (मुळाकडच्या वेलीवर) कलम, मांडवाऐवजी तारांची उभी रचना, एप्रिलमध्ये काड्या तयार होण्यासाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला फळासाठी गोडी छाटणी. जीएचं डिपिंग (मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवणं) नाही, कारण मणी फुगवायचाच नसतो. वाईनचा रंग सालीतून येतो, त्यामुळे लहान मणी आणि जाड साल हीच या वाणाची किंमत. मजुरी वाचते, भुरी-डाऊनी या रोगांवरची फवारणी मात्र चुकत नाही. डिसेंबर संपता संपता मण्यात पाणी उतरलं, घड काळेभोर झाले. इथवर सगळं सुरळीत.

फेब्रुवारीत कंपनीचे फील्ड ऑफिसर आले. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा अंश, २३ भरला. थॉमसन आपण १७-१८ ला काढतो, वाईनच्या लाल द्राक्षाला २३-२४ लागतो. ते म्हणाले, “माल तयार आहे, परवा नंबर लावतो.” नंबर म्हणजे खुड्याची पाळी. परवा गेला, आठवडा गेला. फोन केला की एकच उत्तर, “टँक रिकामा झाला की कळवतो, सर.” पुढे कारण बदललं: बिया अजून पिकल्या नाहीत म्हणे. मी रोज सकाळी बिया चावून बघत होतो. पूर्ण तपकिरी, दाताखाली कडकन फुटणाऱ्या. त्यांनी नमुना घेतला होता विहिरीकडच्या कोपऱ्यातून, जिथे वेलींना जोर जास्त आणि माल नेहमीच मागे असतो. नमुना घेताना स्वतः सोबत राहा. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले आणि सावलीतले, घडाच्या वरचे आणि खालचे मणी त्यात यायलाच हवेत.

आणि मग मणी आक्रसू लागले. शिराझचा हा स्वभावच आहे. फुलोऱ्यानंतर साधारण तीन महिने झाले की मण्यात येणारं पाणी जवळजवळ थांबतं, सालीतून उडणं मात्र चालू राहतं. ठिबक वाढवून बघितलं, मण्यात काही फरक पडला नाही. आता हिशेब करा. १०० किलो माल २३ ब्रिक्सचा. त्यातलं १० किलो पाणी उडालं की उरतो ९० किलो आणि ब्रिक्स जातो साडेपंचविसावर. साखर होती तेवढीच, पण मला पैसे मिळणार किलोवर. एकरी पाच टन धरले तर पाचशे किलोचे पैसे हवेत गेले. वाट बघायला लावणारा वेगळा, नुकसान सोसणारा वेगळा. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

हे वाण मूळचं फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं. १८३२ मध्ये जेम्स बस्बी याच्या काड्यांबरोबर ते ऑस्ट्रेलियात पोचलं आणि तिथलं बरोसा खोरं त्याच्यावर नावारूपाला आलं. ऱ्होनमध्ये खुडा सप्टेंबरच्या सुमारास, बरोसातही उन्हाळा उतरणीला लागल्यावर. तिथे माल थांबला तरी हवा दिवसेंदिवस गार होत जाते. आपल्याकडे गोडी छाटणीमुळे पीक हिवाळ्यात येतं आणि माल तयार होतो तेव्हा ऊन चढत असतं. जानेवारीत शेकोटी पेटवावी लागते आणि फेब्रुवारीअखेर दुपारी बागेत उभं राहवत नाही. म्हणून “परदेशात तर शिराझ आणखी पिकवतात” हे कुणी ऐकवलं तर गप्प बसू नका.

दुसरीकडे विकावा म्हटलं तर हा माल घेणार कोण? बारीक मणी, आत बिया. व्यापारी बघतसुद्धा नाही. २००९ नंतर वायनऱ्यांनी उचल कमी केली तेव्हा आमच्या भागात लोकांनी वाईनच्या बागा तोडल्या होत्या, ते डोळ्यांपुढे येत होतं. रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी फोन बंद केले आणि कागद हातात घेतला. स्वतःच्या रिफ्रॅक्टोमीटरचे रोजचे आकडे वहीत होतेच (हे ब्रिक्स मोजायचं यंत्र आपलं असावं, कंपनीच्या माणसावर अवलंबून राहू नये). शंभर मण्यांचं वजन रोज काट्यावर घेत होतो, ते उतरताना स्पष्ट दिसत होतं. हे सगळं लिहून, “वजनातली घट कंपनीने भरून द्यावी” असं पत्र ऑफिसात दिलं आणि पोच म्हणून शिक्का घेतला. शिक्का मारायलाही तिथे टाळाटाळ झाली. मी खुर्ची सोडली नाही. पत्र वरच्या साहेबांपर्यंत गेलं आणि दुसऱ्याच दिवशी क्रेटची गाडी बांधावर आली. पहाटे बॅटऱ्या लावून खुडायला सुरुवात केली, ऊन तापायच्या आत माल रवाना. घट भरून मिळाली नाही, पण खराब म्हणून एकही क्रेट परत आला नाही.

पुढच्या करारात दोन कलमं घालून घेतली: दोघांनी मिळून मोजलेला ब्रिक्स २३ झाला की आठ दिवसांत खुडा, आणि उशीर झाला तर वाढलेल्या प्रत्येक अंशाला जादा दर. आधी “असं कोणी मागत नाही” म्हणाले, मग सही केली. शेजारच्या दोघांनीही आता तेच मागितलंय.

एक राहिलं. माल लांबतोय असं दिसलं की पक्ष्यांची जाळी लगेच लावा. गोडी वाढली की बुलबुल आणि साळुंक्या थव्याने येतात. जाळीचा खर्च कोणाचा, हेही करारातच लिहून घ्या.