डाव्या पेडलचे आटे

चूक माझीच. नवं पेडल बसवताना आधी बोटांनी दोन-तीन फेरे द्यायचे सोडून मी थेट पाना लावला. जरा जड जात होतं, तरी रेटलं. आटा वाकडा चढला होता आणि पेडलचा स्टीलचा दांडा ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये (पेडल ज्याच्या टोकाला बसतं त्या आडव्या पट्टीत) स्वतःची वाट कापत आत शिरला. वर मी तशीच चार दिवस सायकल दामटली. पाय दाबला की टक्, उचलला की टक्. पाचव्या दिवशी चढावर पेडल बुटाखालून निसटून रस्त्यावर पडलं.

भोकात बोट फिरवलं तर बाहेरच्या बाजूचे आटे सपाट, बोटाला रुपेरी कीस. फ्रेमच्या बाजूचे तीन-चार मात्र शाबूत होते. म्हणून आधी स्वस्तातला उपाय: त्या चांगल्या बाजूने टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, घालून वाट सरळ करायची. बहुतेक सायकलींच्या पेडलचा आटा ९/१६ इंचाचा, इंचाला २० फेरे असा असतो. डावीकडे उलटा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने आवळला जाणारा, नाहीतर पेडल मारता मारताच ते सैल होत गेलं असतं. हे सगळं माहीत असूनही टॅप हातात धरून मी अडकलो. मागून घालायचा म्हणजे दिशा बदलणार का? शेवटी एक साधा नट पालथा करून बोल्टवर चढवला. तसाच चढला. उलटा आटा कुठल्याही बाजूने उलटाच.

टॅप गेला, पेडल बसलं, आणि शेवटचं आवळताना पाना एकदम हलका झाला. चार आट्यांवर किती जोर झेलला जाणार?

मग बुश, म्हणजे आत-बाहेर आटे असलेली धातूची छोटी नळी, बसवायचं ठरलं. क्रँक काढून शिकंज्यात आडवा धरला, जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावल्या. भोक मोठं करायचं आणि त्यात बुशाच्या बाहेरच्या मापाचे आटे पाडायचे, एवढंच काम. पण इथे टॅप तिरका गेला तर पेडल कायमचं तिरकं. दर फेऱ्याला गुण्या लावून बघत होतो. भरपूर तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो आणि टॅप अडकत नाही. घाई केली असती तर क्रँक भंगारातच गेला असता. खरं सांगायचं तर साधा क्रँक असेल तर नवा डावा क्रँक घेणंच शहाणपणाचं. माझा जोडीतला होता आणि सुटा मिळत नव्हता.

बुश चिकटवायच्या आधी भोकातलं तेल स्पिरिटने पुसून काढलं. बुशाला बाहेरून आटे पक्के करणारा लाल डिंक आणि आतून ग्रीस. हे उलटं झालं तर पेडल जन्मभर तिथेच! बुश पेडलच्या दांड्यावर चढवून दोन्ही एकदमच फिरवत आत घेतलं. माझ्या संचातल्या बुशाचे आटे आत-बाहेर दोन्हीकडे उलटेच होते, त्यामुळे ते जमलं. मग २४ तास हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पेडल आवळलं. सायकल चालवायच्या आधी मुद्दाम पुन्हा सोडवून पाहिलं: सोबत बुशही निघून येतो की काय, ही धास्ती होती. पेडल एकटंच बाहेर आलं, दांड्यावर ग्रीस तसंच. बुश जागच्या जागी होता. पुन्हा पेडल बसवलं. या वेळी आधी बोटांनी.