दोन शिंप्यांची घरं

मराठी कादंबऱ्यांचा विषय निघाला की आमच्या वाचनकट्ट्यावर गाडी 'कोसला'वर येऊन थांबतेच. थांबू दे, माझी तक्रार नाही. पण 'कोसला' 1963ची, आणि त्याआधी तीन वर्षं उद्धव शेळक्यांची 'धग' आली होती, हे सांगितलं की मंडळी नाव वहीत उतरवून घेतात. वाचतात किती ते देव जाणे.

माझं 'धग'शी आणि रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'शी (1971) जरा घरचंच नातं आहे. दोन्ही कादंबऱ्या शिंप्याच्या घरातल्या, एक वऱ्हाडातली, एक मराठवाड्यातली. आणि मी बार्शीच्या शिंप्याची मुलगी. काजं करण्यात आणि चोळ्यांना हुक लावण्यात माझी शाळेची वर्षं गेली. अण्णांच्या मापाच्या वहीत प्रत्येक नावापुढे त्या कापडाची चिंधी टाचलेली असायची आणि समोर बाकी रक्कम. चिंध्या भरपूर, खोडलेल्या रकमा थोड्या.

या धंद्यात अख्ख्या गावाशी गोड राहावं लागतं. शेतकऱ्याने कुणाशी वाकडं घेतलं तरी त्याचं शेत कुठे जात नाही. शिंप्याचं गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याच्या मशीनपाशी जाऊन बसतं. बड्या घरची उधारी मागायला अण्णा स्वतः कधी गेले नाहीत, मला पाठवायचे. पोरीवर कोण ओरडणार? म्हणून 'पाचोळा'तला गंगाराम ताठ्याने बोलायला लागला की इतरांना तो बाणेदार वाटत असेल, माझ्या पोटात गोळा येतो. याला हे परवडणार नाही, हे मला आधीच दिसतं.

गंगारामच्या घराची सगळी पडझड सांगते त्याची बायको. बोराड्यांनी पूर्ण कादंबरी तिच्याच तोंडी आणि तिच्याच बोलीत ठेवली आहे. यातली खुबी मला फार उशिरा जाणवली. बाहेर बाप्यांमध्ये काय ठरलं, कोण काय बोललं, हे तिला कळायचं ते घराच्या उंबऱ्याआतून, तुकड्यातुकड्याने. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ती अंदाज बांधते आणि तिच्याबरोबर आपणही. लेखकाने सगळं वरून पाहून सांगितलं असतं तर गावच्या राजकारणाची एक बरी गोष्ट झाली असती, इतकंच.

'धग'ची तऱ्हा वेगळी. तिथे निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं बोलतात वऱ्हाडीत. कौतिकचा नवरा महादेव ताठ नाही की भांडखोर नाही. तो कशालाच नाही. मला विचाराल तर असा नवरा जास्त छळतो. पुढे त्याला महारोग होतो, पोरं हाताबाहेर जातात, आणि ही बाई मोलमजुरी करून संसार ओढत राहते. शेळके कुठेही गळा काढत नाहीत. संकट आलं तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायचीच असते, तेवढंच ते लिहितात. कौतिकला लोक सोशीक म्हणतात तेव्हा मला राग येतो. सोशीक कसली? चांगली तोंडाळ आहे, नवऱ्याला टोमणे मारते, पोरांवर खेकसते. म्हणून तर ती खरी वाटते.

आईला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर 'पाचोळा' वाचून दाखवत होते. ती मन लावून ऐकायची, मधेच हूं म्हणायची. एका दुपारी म्हणाली, "मेली ही बाई, नवऱ्याला घरात कोंडून का नाही ठेवत!" समीक्षेचे लेख मी बरेच वाचलेत, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

कट्ट्यावर पुढच्या महिन्यात हीच घ्यायची ठरली आहे. बोली कळणार नाही म्हणून दोघांची कुरकुर चालू आहे. त्यांना सांगितलंय, पहिली पंधरा-वीस पानं मोठ्याने वाचा, जीभ वळली की पुढचं आपोआप वाचलं जाईल. आणि 'धग' त्यानंतरच्या महिन्यात. दोन्ही एकदम घेऊ नका, झेपायचं नाही.