आमची वाटचाल : चौकट भिंतीत मुरेपर्यंत

एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यात झाली, ती वागळे इस्टेट. आमचे वडील इथेच एका कारखान्यात फिटर होते. त्यांचा काटकोन तपासायचा गुण्या आजही आमच्या गाळ्यात टेबलावर असतो, रोज वापरात. मी आणि धाकट्या भावाने काम सुरू केलं तेव्हा एक वेल्डिंग सेट, एक कटिंग मशीन आणि ग्रिल-रेलिंगच्या ऑर्डरी, एवढंच भांडवल होतं. पुढे घोडबंदर रोडला इमारती उठू लागल्या आणि दारांसाठी पत्र्याच्या चौकटींची मागणी आली. 1.25 मिलिमीटरचा पत्रा वाकवून, कोपरे जोडून, रेड ऑक्साइड मारून माल टेम्पोत भरायचा. साइटवर उतरवला की आमचं काम संपलं, असं आम्ही समजत होतो.

एका इमारतीने ती समजूत मोडली. 14 चौकटी दिल्या होत्या. चौकटीच्या दोन बाजू आत दबू नयेत म्हणून मधोमध लाकडी पट्टी ठोकतात. घमेली घेऊन ये-जा करताना ती आड येत होती, म्हणून कुणीतरी काढून टाकली. गवंड्याने वीटकाम चढवलं, मागून सिमेंट-वाळूचा मसाला दाबला आणि दोन्ही उभे पाय मध्यावर आत फुगले. वर 900 मिलिमीटर भरायचे, कमरेच्या उंचीला 891. दारं अडकली. ठेकेदाराने बिल रोखलं. प्लास्टर झालेल्या भिंती फोडून आम्ही चौकटी काढल्या, सरळ केल्या आणि पुन्हा बसवल्या. ते दोन महिने पगार देताना बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. तेव्हाच ठरलं, चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत आमचा माणूस तिथे उभा राहणार.

चौकटीला वर जे माप असतं, त्याच मापाच्या दोन पट्ट्या कापतो. एक तळाशी, एक मधे. ओळंबा दोन्ही बाजूंनी आणि समोरून लावतो, मग कर्ण मोजतो. 900 बाय 2100 च्या दाराचा कर्ण 2285 मिलिमीटरच्या आसपास येतो, पण आकडा पाठ असण्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं. तिरके टेकू देऊन चौकट पक्की केल्यावरच गवंडी वीट लावतो. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या), तेही वीटकाम वर चढत जाईल तसे सांध्यात घट्ट गाडलेले. दोन-तीन थर झाले की चौकटीच्या पोकळीत मसाला भरायचा, सळीने ठोसून. एकदम वरपर्यंत बांधून मग भरू म्हटलं तर आत पोकळ्या राहतात. बिजागरी आणि कुलपाच्या जागी आतून पत्र्याची डबी असते. ती नसेल तर मसाला स्क्रूच्या भोकात जाऊन बसतो आणि सुताराचा अख्खा दिवस वाया जातो.

आता सिपोरेक्सच्या, म्हणजे सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांच्या, भिंती जास्त. त्या हलक्या असतात, होल्डफास्टची पकड विटेसारखी लागत नाही. तिथे चौकटीच्या बाजूला काँक्रीटचे ठोकळे किंवा पातळ आरसीसी खांब घेऊन त्यातच होल्डफास्ट गाडतो. यावर ठेकेदाराशी वाद होतो, आम्ही मागे हटत नाही.

पावसाळा हा दुसरा शत्रू. न्हाणीघराची चौकट तळापासून गंजते, कारण पाय ओल्या फरशीत गाडलेले असतात. तिथे आम्ही जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतो, जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबरी रंगाचे दोन हात देतो आणि ग्रॅनाइटचा उंबरठा सुचवतो. खर्च वाढतो. पण पाच वर्षांनी रंगाखालून गंज फुगलेला पाहिला की माझी झोप उडते.

आज आम्ही 17 जण आहोत. नव्या पोराला पहिला आठवडा वेल्डिंगला हात लावू देत नाही, साइटवर पाठवतो. गेल्या आठवड्यात कोलशेतला एक पोरगा भरलेल्या चौकटीवर बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत ठोकत गेला. धप्प, धप्प, धप्प, आणि गुडघ्याच्या उंचीला टण. तो थांबला, पुन्हा ठोकलं, माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. त्याने खिशातून खडू काढून तिथे गोल केला आणि मसाला आणायला निघाला.