शिसवी खुर्चीची झडती: मे ते जुलै

खुर्ची घरी येऊन सात आठवडे झाले. विकणाऱ्याच्या मते ती दीडशे वर्षांची आणि 'भाटकाराच्या', म्हणजे जमीनदाराच्या, 'घरातली'. गोव्यात विकायला आलेली प्रत्येक खुर्ची भाटकाराच्याच घरातली असते. मुंडकाराकडे, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याकडे, बहुधा कुणी बसतच नसावं. असो. पैसे मोजून झाले होते, आता तपासायला मोकळा होतो.

खुर्ची उलटी केली की तिचा निम्मा तोरा उतरतो. बैठकीखाली, पॉलिश न झालेल्या भागात, जुनं लाकूड एकसारखं काळपट नसतं. वारा लागतो तिथे गडद, आडव्या पट्टीखाली झाकलेलं असतं तिथे फिकट, हात लावून उचलायच्या जागी तेलकट. माझ्या खुर्चीला मात्र खालूनही सगळीकडे कॉफीचा रंग. वेत ओवायच्या भोकांच्या आतसुद्धा! स्पिरिटचा बोळा फिरवला तर तपकिरी रंग बोळ्यावर उतरला आणि खाली सोनेरी, ताजं सागवान निघालं. शिसव म्हणून घेतली होती.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवतो. वेत नवा दिसला म्हणून खुर्ची नवी ठरत नाही. आपल्या दमट हवेत वेताचं आयुष्य कमी, त्यामुळे जुनी खुर्ची अनेकदा नव्याने विणली गेलेली असते. बघायचं ते भोकांकडे. वर्षानुवर्षं वेत घासल्याने त्यांच्या कडा गुळगुळीत होतात. माझ्या बैठकीतल्या भोकांच्या कडा बोटाला टोचत होत्या.

मग किडीची भोकं. युरोपातल्या फर्निचरबद्दल वाचून आपण भोकं दिसली की खूश होतो. पण सागवान आणि शिसव यांच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. लागते ती सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला. म्हणजे गाभ्यात मधोमध सारख्या अंतरावर भोकं दिसली, तर आनंद नको, शंका हवी. बारीक तार घालून पाहिली. किडा वळणं घेत जातो, ड्रिल सरळ जातं. माझी तार नऊच्या नऊ भोकांत सरळ गेली आणि सगळीकडे साधारण चार मिलिमीटरवर अडली.

तरीही मागचे दोन पाय मला सोडवत नव्हते. जाडी बारकाईने मोजायचा व्हर्नियर कॅलिपर घेतला. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे कमी, त्यामुळे लेथवर (कातायच्या यंत्रावर) गोल घडवलेला भाग पुढे किंचित लंबगोल होतो. मागच्या पायाचा गोल कातीव भाग एका बाजूने ४६.३ मिमी भरला, दुसऱ्या बाजूने ४५.५. पुढचे दोन्ही पाय जिकडून मोजावं तिकडून ४६ च. हे मे महिन्यातलं माप. पावसात लाकूड फुगतं, तेव्हा मापं एकाच ऋतूत घ्यावीत. नुसत्या लंबगोलावरून वर्षं मोजता येत नाहीत हेही खरं, पण मागे एक आणि पुढे दुसरं हे संशयास्पद होतं.

फोंड्याच्या आमच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. त्याने चष्मासुद्धा लावला नाही. पुढच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाब, हें कदेल पोरनें न्हय, पोरनें केल्लें." म्हणजे ही खुर्ची जुनी नव्हे, जुनी केलेली. सांध्यातून पांढरट गोंद डोकावत होता. जुन्या कामात सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, असतो, सरसाचा थेंब तांबूस आणि ठिसूळ. फेविकॉल १९५९ पासूनचा; म्हणजे हा सांधा त्यानंतरचाच. त्याने दुरुस्ती सिद्ध होते, नकली असणं नव्हे, हे मी लगेच म्हटलं. मेस्त हसला आणि बैठकीखालचा स्क्रू दाखवला. डोक्यावर फुलीची खाच! असे स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे. नंतर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली. पाठ आणि मागचे पाय नारिंगी चमकले, ते जुनं लाखेचं पॉलिश. बाकी खुर्ची निळसर.

निकाल: पाठ आणि मागचे पाय जुने, बाकी अलीकडचं. अर्धी आजी, अर्धी नात. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. बिलावर त्याने 'लाकडी खुर्ची, १ नग' एवढंच लिहिलं होतं. तुम्ही तरी बिलावर काळ आणि लाकूड लिहून घ्या. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या कलात्मक वस्तू पुरावस्तूंत मोडतात आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. काळ कागदावर आला की विकणाराही जरा जपून बोलतो.

खुर्चीचा राग मावशीच्या डिचोलीच्या कपाटावर निघाला. चार खणांचं, शिसवाचं. तिला त्याचं काहीच कौतुक नाही, वरच्या दोन खणांत औषधं, खालच्यांत पातळं. मागची फळी बघून मी तिथेच बसलो. दोन माणसांच्या मोठ्या करवतीचे तिरके, कमी-जास्त अंतराचे ओरखडे. (आपल्याकडे हाताने चिरणं बराच काळ चाललं, त्यामुळे एवढ्यावर काळ ठरवू नये, मात्र गोल चक्राचे कमानीसारखे वळसे कुठेच नव्हते.) खणाच्या बाजूंच्या खालच्या कडा मागच्या टोकाला खोल झिजलेल्या. कोपऱ्यांतले डव्हटेल (पंख्यासारख्या दातांचे सांधे) एकमेकांशी न जुळणारे, एक जाड, एक बारीक. पितळी मुठीशेजारी आणखी दोन बुजवलेली भोकं, आणि तीच भोकं आतूनही त्याच जागी. मूठ बदलली आहे, दर्शनी फळी नाही.

काळ मी अजून लिहिलेला नाही. दुसरा खण काढून त्याचा तळ मोजायचा होता, पण जुलैच्या पावसाने तो गच्च अडकला. जोर लावला तर मावशीने आतून दम दिला, "सोड तो, माझी रक्तदाबाची गोळी आहे त्यात!" गोळ्या तिने वरून चिमट्याने काढल्या. खण आता दिवाळीनंतर.