'वैष्णव जन' भजन की राजकीय गाणं?

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी मुलांना भजन शिकवते, म्हणून हे मला नेहमी विचारतात: 'वैष्णव जन तो' हे भजन समजायचं की राजकीय गाणं? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

हे भजन रचणारे नरसी मेहता पंधराव्या शतकातले, जुनागढचे नागर ब्राह्मण. अस्पृश्यांनी बोलावलं तेव्हा ते त्यांच्या वस्तीत गेले आणि रात्रभर गायले. पहाटे परतताना नागरांनी टाळ्या पिटून टिंगल केली. तुम्हाला ना नात (म्हणजे ज्ञाती) कळते ना जात, असं लोकांनी सुनावलं. हे त्यांच्याच दुसऱ्या एका पदात आहे. शेवटी हात जोडून नरसी म्हणतात, मला वैष्णवांचा आधार आहे. त्यांचे वैष्णव कोण, तर ज्यांच्या अंगणात ते गायले ते! एवढं कळलं की या भजनात सोवळं, जात, व्रत यांना जागा का नाही, तेही कळतं. माणूस कसा वागतो, ते नरसी बघतात. 'जे का रंजले गांजले' म्हणत वाढलेल्या आपल्या घरांत हे वेगळं समजवावं लागत नाही.

गांधीजींच्या साबरमती आश्रमात हे भजन प्रार्थनेत गायलं जाई. त्या प्रार्थनेचं संगीत पंडित नारायण मोरेश्वर खरे सांभाळत. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आपले मराठीच. १९३० मध्ये दांडीयात्रेत तेही चालले. मिठाचा कायदा मोडायला निघालेल्यांनी 'पीड पराई', म्हणजे दुसऱ्याची पीडा, म्हटलं की त्या पीडेत मिठावर कर भरणारा सारा देश येतो.

तरी बडोद्यात राहून मला या गाण्याची एक उणीव जाणवते. ते उपकार करणाऱ्याशी बोलतं, अभिमान धरू नकोस म्हणतं. ज्याचं दुःख आहे तो त्यात बोलतच नाही. १९१७ मध्ये आंबेडकर इथे नोकरीला आले. सयाजीरावांनीच शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबियाला पाठवलं होतं. राजा अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा, पण त्याच्या शहरात आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी सराईत ते नाव बदलून उतरले होते, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना हुसकावलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठीबागेत बसून राहिले. त्यांना हक्काचं छप्पर हवं होतं. ते कुणाच्या दयेने मिळणारं नव्हतं.

म्हणून अर्थ सांगताना मी नरसींची ती रात्र सांगते आणि कमाठीबागही. काही पालकांना हे रुचत नाही. भजनात जात कशाला आणता, असं विचारतात. त्यांना मी नरसींचं ते दुसरं पद वाचायला देते.