डाग काही जाईना

परवा लॅबमधून सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ चकती, बाहेर काढला, नुकतेच त्यावर फेम्टोसेकंद लेझरचे पल्स, म्हणजे प्रकाशाचे अतिशय छोटे ठोके, मारले होते (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), आणि बघते तर जिथे बीम पडला तिथे एक मळकट डाग. मला वाटलं माझाच हात लागला, म्हणून ॲसिटोन घेऊन पुसत बसले. पाच मिनिटं. मागून सीनियर म्हणाला, "अगं घासतेस काय, ट्यूबलाइटखाली तिरपं धर ना जरा." धरलं, तर निळा, मग हिरवा, मग लाल, सीडीच्या पाठीसारखा!

तर तो डाग नव्हता, रेघा होत्या. आमच्या लेझरची वेव्हलेंग्थ, म्हणजे प्रकाशलहरीची लांबी, ८०० नॅनोमीटर, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन रेघांमधलं अंतर साधारण ७०० निघालं, म्हणजे प्रकाशाच्या वेव्हलेंग्थच्या किंचित खाली. होतं काय, की पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी थोडा खडबडीत असतोच, त्याच्यावर विखुरलेला प्रकाश पृष्ठभागावरूनच सरपटत जातो आणि वरून येणाऱ्या प्रकाशात मिसळतो, मग कुठे जास्त एनर्जी पडते कुठे कमी, आणि पल्सवर पल्स पडत गेले की तोच पट्टा खोल होत जातो. सेमीकंडक्टरवर हे १९६५ मध्येच बर्नबॉमने रुबी लेझर वापरून पाहिलं होतं, लेझरचा जन्मच तेव्हा जेमतेम पाच वर्षांपूर्वीचा.

पण मला खरी गंमत वाटते ती वेळेची. १०० फेम्टोसेकंदात प्रकाश जातो किती, तर ३० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षा कमी. एवढ्यात सिलिकॉनच्या अणूंना पत्ताच नसतो काही झालंय त्याचा, सगळी एनर्जी आधी इलेक्ट्रॉन गिळतात आणि अणूंपर्यंत ती उष्णता म्हणून पोचायला पिकोसेकंद लागतात (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), तोवर पल्स कधीच संपलेला. आणि पल्स जोरदार असेल तर त्याहून विचित्र प्रकार, अणूंना जोडणाऱ्या बाँडमधले दहाएक टक्के इलेक्ट्रॉन उचलले गेले की बाँडच ढिले पडतात आणि क्रिस्टल विस्कटतो, सिलिकॉन एरवी वितळतो त्या १४१४ अंशांपर्यंत तापायची वाटही न बघता! न तापता वितळणं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "मग बर्फ का ते?"

हेच काम हार्वर्डला एरिक माझुरच्या ग्रुपने नव्वदच्या दशकात सल्फर हेक्झाफ्लोराइड गॅस भरून केलं, तर रेघांऐवजी सुळक्यांचं जंगलच उभं राहिलं आणि चकचकीत सिलिकॉन काळाकुट्ट झाला. प्रकाश सुळक्यांमध्ये आपटत राहतो, बाहेर यायला वाटच नाही. शिवाय गॅसमधलं सल्फर वरच्या थरात घुसतं, त्यामुळे ११०० नॅनोमीटरच्या पलीकडचा इन्फ्रारेड, जो साधा सिलिकॉन सरळ आरपार जाऊ देतो, तोही हा शोषून घेतो.

आमच्याकडे तो गॅस नाही, आम्ही आपले हवेतच मारतो. उद्या हाफवेव्ह प्लेट ४५ अंश फिरवून बघणारे, तिने प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, ९० अंशांनी फिरते, आणि रेघा पोलरायझेशनला काटकोनात येतात, म्हणजे त्या ९० अंशांनी फिरायला हव्यात. ॲसिटोनची बाटली मात्र सीनियरने कपाटात ठेवून कुलूप लावलंय.