फुकटचे काम करायला परदेशात कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नेपाळहून परतल्यापासून डिचोलीत, लग्नकार्यात आणि बसमध्येही एकच प्रश्न समोर येतो: पदरचे पैसे घालून फुकटचे काम करायचे होते, तर त्यासाठी परदेशात जायची काय गरज होती? आमच्या गोव्यात परदेशी जाणे म्हणजे बोटीवर, आखातात किंवा, ब्रेक्झिटपूर्वी, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला जाणे आणि तिथून घरी पैसे पाठवणे. मी मात्र 2017 च्या ऑक्टोबरात गोरखा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात, भूकंपात पडलेली घरे उभारण्याच्या कामाला गेले आणि तीन महिन्यांनी रिकाम्या खिशाने परत आले. खरे सांगायचे तर त्यात सेवाभाव निम्माच होता. उरलेली निम्मी हिमालय पाहण्याची हौस होती.

25 एप्रिल 2015 चा तो भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. नेपाळात शनिवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस आणि त्या दिवशी शनिवारच होता, म्हणून मुले वर्गांत नव्हती. गावातली माणसे अजूनही शाळेच्या जागेकडे बोट दाखवून हे सांगत. ज्या घराच्या कामावर मला लावले, त्या घरातल्या बाईंना सगळे ‘आमा’, म्हणजे आई, म्हणत. घर बांधायला सरकार तीन लाख नेपाळी रुपये देत होते, म्हणजे आपले एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार, पण तीन हप्त्यांत: पन्नास हजार आधी, दीड लाख जोत्यापर्यंत काम झाल्यावर आणि शेवटचे एक लाख छपराखालचा पट्टा बसल्यावर. भूकंपात भिंती फाकू नयेत म्हणून त्यांना ठरावीक उंचीवर आडवे पट्टे बांधावे लागत आणि अभियंता ते पाहून गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नसे.

आमच्याकडच्या चिऱ्यासारखा तिथला दगड घडीव नसतो. तो फिरवून फिरवून त्याची बसायची जागा शोधावी लागते. पाठीवर ‘डोको’ नावाची टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर घेऊन आमा माझ्या दुप्पट दगड आणत असत. पहिल्या आठवड्यात मी रचलेला कोपरा डकर्मीने, म्हणजे गवंड्याने, एक शब्द न बोलता उतरवून पुन्हा रचला. डिचोलीत मी घमेले उचलले असते, तर शेजाऱ्यांनी वडिलांना फोन केला असता. आमची घरे कर्नाटक, ओडिशा, झारखंडातून आलेली माणसे बांधतात, हे मला आधीही ठाऊक होते. परंतु त्या कामात पाठ कुठे दुखते, हे ठाऊक नव्हते. अर्थात मी त्यांच्यासारखी झाले असे म्हणणार नाही, कारण मला कंटाळा आला तर परतायला घर होते.

गावात हात कमी पडत होते, कारण तरुण आखातात, मलेशियात आणि भारतात होते. परदेशातून येणारा पैसा हा त्या देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा. मी गोव्याची आहे हे कळताच आमांनी हातातला दगड खाली ठेवला. त्यांचा मुलगा कळंगुटच्या एका शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, स्वयंपाकी होता. दसैं, म्हणजे तिथला दसरा, आटोपून, इथला पर्यटनाचा हंगाम सुरू होतो म्हणून, मी डोंगर चढायच्या चारच दिवस आधी तो उतरला होता. “माझा मुलगा जिथे पैसे मिळवायला गेला, तिथून तू इथे फुकट दगड वाहायला कशी आलीस, नानी?” (नेपाळीत नानी म्हणजे लहान मुलगी.) हा प्रश्न मला सर्वांत आधी त्यांनी विचारला, आणि तेव्हाही मला धड उत्तर देता आले नाही.

काम संपल्यावर मी सरळ घरी न येता दहा दिवस फिरले, याचाही काहींना राग आहे. तीन महिन्यांत मी एका डोंगराची एक बाजू पाहिली होती, म्हणून भक्तपूर आणि लुंबिनी करून सुनौलीच्या सीमानाक्यामार्गे भारतात उतरायचे ठरवले. साखळीच्या दत्ताला जाणाऱ्या घरातली असल्यामुळे भक्तपूरचे दत्तात्रेय मंदिर चुकवणे शक्यच नव्हते. मात्र दगडाची सवय अशी लागली होती की दर्शनाआधी नजर भिंतींवर जाई. 1702 सालचे पाचमजली न्यातपोल मंदिर उभे आणि जवळच्या दरबार चौकातले वत्सला मंदिर कोसळलेले. त्या दोन जागांमध्ये मी एक अख्खी दुपार घालवली. लुंबिनी घाईत झाली.

गोरखपूरहून मुंबई, मुंबईहून थिवी, असा सारा प्रवास पिशवीतल्या गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, वासासह झाला. आमांनी तो पुडा मुलासाठी दिला होता. मी कळंगुटला पोहोचले तेव्हा शॅक भरलेला होता. त्याने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवले, हात पुसले, पुडा हुंगून बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा विचारले, “छपराखालचा पट्टा बसला?” मी हो म्हटले आणि फोनवरचे छायाचित्र दाखवले. त्याने ते दोन बोटांनी मोठे करून नेमका तोच कोपरा निरखला आणि हा कोणी रचला, असे विचारले.